मधुकाकांचं त्र्याऐंशी

बॉनमधल्या या घरात राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. मी धुण्याची टोपली कमरेवर घेऊन तळघरात निघाले होते, तर जिन्यात एक उंच, काटकुळे, पिकल्या केसांचे गृहस्थ बाजूला सरकून उभे राहिले आणि चक्क मराठीत म्हणाले, "अभिनंदन. या आठवड्यात तुम्ही सतरावर आहात. नवी एंट्री."

परक्या देशात, परक्या जिन्यात अचानक मराठी कानावर पडलं की माणूस आधी विरघळतो आणि मग विचार करतो. मी विरघळून "थँक्यू" म्हणाले, खाली गेले आणि मशीनमध्ये कपडे कोंबता कोंबता विचार करायला लागले, की सतरावर म्हणजे नेमकी कशात?

तर हे मधुकाका. मधुकर ताम्हनकर, मूळचे मिरजेचे, गेली चाळीसेक वर्षं बॉनमध्ये. एका मोठ्या टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते. लग्न केलं नाही, वेळेवर रिटायर झाले आणि आता आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात. बेलशेजारच्या पट्टीवर पूर्ण आडनाव मावत नाही म्हणून तिथे नुसतं 'ताम' लिहिलंय. त्यामुळे तळमजल्यावरच्या फ्राऊ क्रेमर त्यांना इतकी वर्षं हेर टाम म्हणतात, आणि मधुकाकाही त्या नावाला ओ देतात.

मधुकाकांच्या लेखी जगातल्या प्रत्येक गोष्टीला नंबर असतो आणि तो दर रविवारी बदलतो. कोपऱ्यावरच्या बेकरीतले पाव, ऱ्हाईनकाठची बाकं, दवाखान्यातल्या नर्स, बिल्डिंगमधली माणसं, सगळ्यांचे वेगवेगळे चार्ट. प्रत्येक चार्ट वीसचा. बरं, नंबर मनात ठेवतील तर शपथ. मी पहिल्यांदा पोहे नेऊन दिले तेव्हा त्यांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "थेट पाचवर. फार क्वचित होतं असं." मी हरखले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नेले. त्या दिवशी नेमकं मीठ कमी पडलं होतं. "आठ," मधुकाका म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. उन्हाळ्यात विक्री मंदावतेच."

माझा नवरा अमेय चौदाव्या नंबरवर आला आणि तिथंच बसला. मधुकाका त्याला 'नॉन-मूव्हर' म्हणतात. आपल्याला काही फरक पडत नाही असं अमेय दाखवतो, पण एका हिवाळ्यात त्यानं मधुकाकांच्या पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट दर शनिवारी न सांगता वर नेऊन ठेवले. नंतर एकदा जिन्यात सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "मग काका, आमचं काय?"

"चौदा," मधुकाका म्हणाले. "सातत्य आहे. गेनाऊ, अगदी नेमकं. पण उसळी नाही."

अमेय तो पूर्ण रविवार गप्प होता.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर त्यांनी कहरच केला. कुणीतरी आदरानं म्हटलं, ताम्हनकर सगळ्यांत जुने, आरती यंदा तेच सांगतील. मधुकाकांनी घसा साफ केला आणि आरत्या उलट्या क्रमानं सुरू केल्या, कारण काउंटडाउन खालून वर जातो. एरवी ज्या आरतीनं सुरुवात होते ती शेवटी आली. प्रत्येक आरतीआधी ती गेल्या वर्षी कुठे होती आणि यंदा कुठे आहे ते सांगत होते. मंत्रपुष्पांजली 'ऑल-टाइम क्लासिक' म्हणून चार्टबाहेर ठेवली होती. टाळ धरलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती, मोदक गार होत होते, आणि मधुकाका मात्र पहिल्या नंबरच्या आधी नाट्यमय थांबले होते. पुढच्या वर्षीपासून आरती दुसऱ्याकडे गेली.

हे खूळ आलं कुठून, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मग एका एप्रिलमध्ये ते जिन्यात भेटले तेच उत्तेजित होऊन. तोपर्यंत मी 'तुम्ही'ची 'तू' झाले होते.

"मृणाल, पहिला नंबर बदलला! मला वाटलं होतं अजून एक आठवडा टिकेल."

मला वाटलं कुठेतरी सरकार पडलं. मी मोबाईल काढून बातम्या बघायला लागले.

"त्यात नाही मिळायचं," ते म्हणाले. "मी त्र्याऐंशीचं म्हणतोय."

आणि मग उलगडा झाला. एकोणीसशे त्र्याऐंशी साली इंग्लंडात दर आठवड्याला कुठली गाणी सर्वांत जास्त खपली, त्याची क्रमवारी मधुकाकांना आठवड्यागणिक पाठ आहे. नुसती पाठ नाही, ते त्यातच राहतात. आपल्याकडे जून लागला की त्यांच्याकडे त्र्याऐंशीचा जून लागतो. डिसेंबर संपला की पुन्हा त्र्याऐंशीचाच जानेवारी. मार्चमध्ये घोगऱ्या आवाजाच्या एका बाईची चलती असते, तेव्हा ते खुशीत असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात एकच गाणं आठवडेच्या आठवडे वर ठाण मांडून बसतं, तेव्हा त्यांची चिडचिड होते. "कोण विकत घेतंय अजून ही रेकॉर्ड?" असं ते मला दरडावून विचारतात आणि मलाच ओशाळल्यासारखं होतं. नाताळात वाद्यांशिवाय, नुसत्या तोंडानं गाणारी काही मंडळी पहिल्या नंबरवर येतात, तेव्हा त्यांचा ऊर भरून येतो. "नुसत्या गळ्यावर, मृणाल! इतक्या यंत्रांच्या वर्षात!"

आपलं ज्ञान दाखवावं म्हणून मी एकदा म्हटलं, "काका, एका जर्मन बाईचं गाणंसुद्धा इंग्लंडात पहिलं आलं होतं ना?"

"ते पुढच्या वर्षीचं," मधुकाका तुटकपणे म्हणाले. "पुढच्या वर्षीचं मला विचारू नये."

पण त्र्याऐंशीच का? याचं उत्तर ते सुरुवातीला निम्मंच देत. त्या वर्षाच्या सुरुवातीला ते बॉनला आले. जर्मन दीड वाक्य येत होतं. होस्टेलच्या खोलीत आधीच्या माणसानं सोडून गेलेला एक रेडिओ होता आणि त्याची सुई फिरवता फिरवता एका संध्याकाळी इंग्रजी सापडलं. या बाजूला तेव्हा इंग्रज फौज होती आणि त्यांच्या शिपायांसाठी त्यांचं वेगळं रेडिओ स्टेशन होतं. आठवड्याचा चार्ट त्यावर लागायचा. ज्या भाषेत आपल्याला निदान शाळेत मार्क मिळाले होते अशा भाषेत कुणीतरी बोलतंय, एवढ्यावर मधुकाका खूश होते.

"फर्माइशीही असायच्या," त्यांनी मला एकदा सांगितलं. "म्हणजे तिकडून आई इथल्या पोरासाठी गाणं लावायची. वर निरोप. थंडी आहे, मोजे घाल, जेवत जा. कुणाकुणाच्या आया, मला काय करायचंय! पण तो निरोप वाचायला लागला की मी खुर्ची रेडिओजवळ ओढायचो. म्हटलं, चुकून एखादा आपल्याला निघाला तर."

असं काहीतरी बोलून जायचे आणि मग लगेच बेकरीच्या चार्टवर यायचे. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळायचं की नाही, कोण जाणे. मला मात्र वर येऊन आईला फोन करावासा वाटायचा.

दर रविवारी दुपारी तीन वाजता मधुकाका इस्त्रीचा शर्ट घालून टेलिफोनजवळ बसतात. मोबाईल नव्हे, टेलिफोन, वायरवाला. आणि मिरजेला फोन लावतात, अक्काला. अक्का त्यांची थोरली बहीण. यजमान कधीच गेले, मुलगी नीता सांगलीत असते, अक्का मिरजेच्या घरात एकट्या राहतात. ताम्हनकर भावंडांत आता हे दोघंच उरलेत.

आम्ही इथे आलो त्या पहिल्याच वर्षी मी एका रविवारी लोणचं द्यायला गेले. दार उघडंच होतं. मधुकाकांनी हातानं बस म्हणून खूण केली. फोनचा आवाज इतका मोठा होता की पलीकडचं सगळं खोलीत ऐकू येत होतं.

"सोळावर तो काजळवाला, अक्का. दोन घरं वर आला."

"म्हणजे बरं चाललंय त्याचं. त्याची आई काळजीत असेल हो, असा पोरगा म्हटल्यावर."

"हो, हो. आता मार्गाला लागला तो."

"आणि ती बाई गाते नि नवरा मागं गप्प उभा असतो, ते दोघं?"

"नवरा नाही गं तो तिचा."

"मग गप्प का राहतो?"

मी तोंडावर ओढणी दाबून बसले होते. ज्यांनी जन्मात एक इंग्रजी गाणं धड ऐकलं नसेल अशा मिरजेच्या एका म्हाताऱ्या बाई लंडनच्या पोरांची, गावातल्या पोरांची करावी तशी चौकशी करत होत्या. कुणी तीन आठवडे एकाच जागी अडकला की "त्याला वर ओढायला कुणी नाही वाटतं," म्हणून हळहळत होत्या. कुणी घसरला की "मेल्याला आधीच गर्व चढला होता," म्हणत होत्या. पहिला नंबर जाहीर झाल्यावर दोघांनी मिळून सुस्कारा सोडला, "ठेवते" झालं आणि फोन बंद झाला. तब्येत, पाणी, भाजी, नीता, कशाचाही उल्लेख नाही.

"काका, पण हे तेच वर्ष पुन्हा पुन्हा कशाला?" मी विचारलं.

"माझी चूक नाही," मधुकाका म्हणाले. "चौऱ्याऐंशी लागलं तसा मी नवा चार्ट सांगायला घेतला होता. तेव्हा फोन कधीमधीच व्हायचा. तर ही म्हणते, ही कोण माणसं आणलीस? मागच्यांचं काय झालं? आत्ता कुठे ओळख झाली होती. मग काय करणार? मागं गेलो."

आणि तिथंच राहिले. मिरजेच्या घरात फोन आल्यापासून हा कार्यक्रम दर रविवारचा झाला.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं. अक्का नुसतं "बरं" म्हणायला लागल्या. मधुकाका बारावर आले, "बरं". अकरावर आले, "बरं". काजळवाला धाडकन सहा घरं खाली आला तरी "बरं". त्याच्या आईचं नाव नाही की काही नाही. एका रविवारी मधुकाकांनी मुद्दाम मार्चच्या आठवड्यात डिसेंबरचं गाणं घुसडलं. मी तिथंच होते. पलीकडून शांतपणे "बरं" आलं. मधुकाकांनी फोन ठेवला.

"तिला कंटाळा आला माझा," ते म्हणाले.

मी म्हटलं, वय झालंय, लक्ष लागत नसेल. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

आणि अशात नीताचा फोन आला. दिवाळीनंतर अक्कांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. मामा, तुम्ही यायचंच, आई रोज विचारते. मधुकाका मिरजेला शेवटचे गेले होते नीताच्या लग्नाला, आणि नीताची मुलगी आता कॉलेजात जाते. त्यांनी मला हे सगळं सांगितलं आणि पुढे म्हणाले, "पण नोव्हेंबरात कसं जमणार? तेव्हा वर आणखी एक गाणं ठाण मांडून बसतं. ते हलल्याशिवाय मला हलता येत नाही."

मला आधी हसू आलं. मग बघितलं तर माणूस गंभीर होता. माझं डोकंच फिरलं.

"काका, बास झालं हे खूळ! बहीण ऐंशी पार झाली. तिला हजार चंद्र दाखवायला तुम्ही पाहिजे आहात, आणि तुम्ही गाण्याची कारणं सांगताय? उद्या काही झालं तर कुणाला फोन लावणार आहात?"

मधुकाका उठले, दार उघडून धरलं आणि म्हणाले, "तू तेविसावर."

म्हणजे मी त्यांच्या चार्टमधूनच गेले. आठवडाभर जिन्यात भेटले तर मान वळवत होते. अमेय मला समजावत होता, की शेजाऱ्यांच्या घरगुती गोष्टींत बोलू नये. तो अजूनही चौदावर होता, त्याला बोलायला काय जातंय!

शुक्रवारी मी तळघरात धुणं लावून मशीन संपायची वाट बघत होते, तर मधुकाका हळूहळू पायऱ्या उतरून आले. हातात धुणं नव्हतं. समोरच्या उलट्या क्रेटवर बसले आणि फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत बोलायला लागले.

"त्र्याऐंशीच्या ऑगस्टात आई गेली," ते म्हणाले. "माझा पासपोर्ट तेव्हा मुदत वाढवायला ऑफिसात दिलेला होता. तेराव्यापर्यंत हातात आला नाही. आईचं सगळं अक्कानं केलं. शेवटी शेवटी आई सारखं विचारायची, मधू आला का? अक्का सांगायची, आला, आला, स्टेशनवर उतरलाय. मग थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. अक्का म्हणायची, टांग्यात बसलाय, आत्ता येईल. तशीच वाट बघत गेली."

मशीन गुरगुरत होतं.

"नंतर फोन लागला, शेजारच्या वकिलांकडे. मोजकी मिनिटं मिळायची तेव्हा. दोघंही नुसते रडत होतो. शेवटी अक्का म्हणाली, मधू, रडून फोन संपवू नकोस. काहीतरी बोल, काहीही बोल, घर फार गप्प झालंय. आता काय बोलू? डोक्यात काही येईना. आदल्या दिवशी ऐकलेला चार्ट तेवढा होता. तोच सांगितला. ती म्हणाली, बरं, आणि दुसऱ्या नंबरवर? मी दुसरा सांगितला. तेव्हापासून हे असं आहे."

"मग जा ना काका तिच्याकडे," मी म्हटलं.

"फोनवर मला तेवढं बोलता येतं. समोर बसलो तर काय करू? ती मला कधीच काही विचारणार नाही, माहीत आहे मला. पण मी समोर दिसलो की तिला तो टांगा आठवणार. नीताच्या लग्नात मी तिच्याशी एकटा बसलोच नाही. सारखा वाढायला उठायचो. आणि आता तर ती चार्टसुद्धा ऐकत नाही. तेवढ्यानं धरून होतो मी. तेही सुटलं तर जाऊन सांगू काय तिला?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चाळीस वर्षं एका माणसानं बहिणीशी बोलायला परक्या देशातल्या परक्या लोकांची गाणी वापरली होती, कारण स्वतःचं असं एकच वाक्य त्याच्याकडे होतं, मी आलो नाही, आणि तेच त्याला म्हणता येत नव्हतं. मी त्यांच्या खुळावर इतके दिवस किती हसले होते!

मशीन थांबलं. मधुकाका उठले, मला कपडे बाहेर काढायला मदत केली आणि म्हणाले, "परवा तीन वाजता खाली ये. मी तिला सरळ विचारणार आहे, कंटाळा आला का म्हणून. एकट्यानं धीर होत नाही."

रविवारी मी गेले. शर्टाला नेहमीपेक्षा कडक इस्त्री होती. घंटी एकदाच वाजली आणि अक्कांनी फोन उचलला. मधुकाकांनी विसावा नंबर घेतला नाही.

"अक्का, एक विचारू का? तुला माझा कंटाळा आलाय का?"

"बरं," अक्का म्हणाल्या.

मधुकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून पुन्हा म्हणाले, "कंटाळा आलाय का माझा, असं विचारतोय मी."

"बरं, बरं," अक्का म्हणाल्या. मग अक्काच बोलायला लागल्या.

"मधू, नंबर सांगून झाले का रे? नसतील झाले तर थांब जरा. तू बोलतोयस की थांबलायस ते मला कळत नाही, म्हणून मीच मध्ये बोलते. मला ऐकू येत नाही रे आता. गेल्या वर्षापासून काहीच येत नाही. ते यंत्र कानात घातलं की फोनवर नुसती शिट्टी मारतं. नीताला मी शपथ घातली, मधूला कळवू नकोस म्हणून. म्हटलं, कळलं तर हा फोन करायचा बंद करेल. रविवारी मी फोन मांडीवर घेऊन बसते. थरथरला की उचलते, नि मध्ये मध्ये बरं म्हणते. तू तिकडे बोलतोयस एवढं मला पुरायचं. पण आता नाही पुरत. समोर तोंड दिसलं की मला कळतं माणूस काय म्हणतो ते, ओठांवरनं कळतं. यंदा ये. माझे काही फार दिवस राहिले नाहीत. आईकडे गेले की ती पहिल्यांदा तेच विचारणार, मधू आला का. एकदा तरी मला तिला खरं सांगू दे."

मधुकाकांनी रिसीव्हर तोंडाजवळ घट्ट धरला.

"येतो," ते म्हणाले. "अक्का, येतो मी."

पलीकडे शांतता.

"येतो!" ते ओरडले. "येतो गं! दिवाळीनंतर येतो!"

जर्मनीत रविवारी दुपारी कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. मधुकाकांनी तर इतक्या वर्षांत रविवारी दारही जोरात लावलं नसेल. ते उभे राहून, मान वर करून, सगळं घर हादरेल असे "येतो, येतो" म्हणून ओरडत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दारावर टकटक झाली. बाहेर फ्राऊ क्रेमर उभ्या होत्या, घरातली चप्पल, कपाळावर आठ्या. "हेर टाम, आज रविवार आहे," एवढं त्या म्हणाल्या आणि मधुकाकांना बघून थांबल्या.

मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, भारतात त्यांची बहीण आहे, तिला ते येतो म्हणून सांगतायत, पण तिला ऐकू येत नाही.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

फ्राऊ क्रेमर आत आल्या, मधुकाकांच्या शेजारी गेल्या आणि म्हणाल्या, "मग लाउटर, हेर टाम. अजून मोठ्यानं. लाउटर!"

मधुकाकांनी छाती भरून श्वास घेतला आणि जे ओरडले ते रस्त्यापलीकडेही गेलं असेल. समोरच्या घराची एक खिडकी उघडली. वरून अमेय धावत खाली आला. आणि त्या सगळ्या गलक्यानंतर फोनमधून अक्कांचा शांत आवाज आला.

"बरं. ठेवते मग आता."

फोन बंद झाला. मधुकाका रिसीव्हर हातात घेऊन उभे होते. त्यांचा आवाज पार बसला होता.

"तिला कळलं का गं?" त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलावंसं वाटत होतं, पण जमलं नाही. "नाही कळलं, काका."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "मग येतोय हे आता जाऊनच सांगायला पाहिजे."